म्हातारीला विचारून येतो

बहारीनहून परतले, तेव्हा आमच्या सांगलीच्या गल्लीत प्रत्येकीनं मला एकच प्रश्न विचारला, "सोनं काय आणलंत?" मी म्हटलं, सोनं नाही, आफ्रिकेचं तत्त्वज्ञान आणलं. समोरच्या कुसुमताई हळहळल्या, "म्हणजे विमानतळावर बॅग बदलली का हो?"

बॅग माझीच होती. गेले होते लेकीकडे, वैशालीकडे, थंडीचे दोन महिने राहायला. आता आखातातल्या बेटावर जाऊन कुणी आफ्रिका शिकतं का? पण मी आयुष्यभर बऱ्याच गोष्टी चुकीच्या ठिकाणीच शिकले आहे.

नोकरीभर मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! साडीला कडक खळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जगातलं सगळं शहाणपण अथेन्स, काशी आणि जर्मनीतली दोन-तीन गावं यांच्यात वाटून टाकलेलं. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, "बाई, आफ्रिकेत तत्त्वज्ञ नसतात का?" बाईंनी करारी आवाजात सांगितलं, "सिलॅबसमध्ये नाहीत." सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. बाईंना वाटलं, पटलं. प्रत्यक्षात घंटा झाली होती.

अदलिया

वैशालीचं घर अदलियात आहे. बुटके, पांढरे बंगले, मध्येमध्ये कॉफीची दुकानं, भिंतींवर बोगनवेल. रस्ते स्वच्छ आणि चालणारं माणूस एकही नाही. मी सकाळी फिरायला निघाले की टॅक्सीवाले कीव येऊन थांबायचे. "मफी टॅक्सी," मी हात हलवून सांगायची. ही अरबी मला जावई हेमंतनं शिकवली होती. नको म्हणायला मफी, संपलं म्हणायला खलास. एवढ्यावर तो इथे अनेक वर्षं इंजिनीअर आहे.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या भिंतीवरून भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला. सांगलीच्या बाईला शेंगदाण्याचा वास म्हणजे माहेरची हाक. आमच्याकडे अशा वेळी वाटी घेऊन जायची पद्धत आहे. मी लोणच्याची वाटी घेतली आणि निघाले. वैशाली ओरडली, "आई, इथे असं न विचारता जात नाहीत!" मी म्हटलं, "म्हणूनच तुमची शेजाऱ्यांशी ओळख नाही."

दार उघडलं ते एका उंच, रुंद, पिवळ्या पोशाखातल्या बाईनं. घानाची. नाव आमा. शनिवारी जन्मली म्हणून आमा. त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात. मी मंगळवारची म्हटल्यावर तिनं मला जागच्या जागी आबेना करून टाकलं. आमा इथल्या एका कॉलेजात नर्सिंगच्या मुलींना नीतिशास्त्र शिकवते.

"मीही तत्त्वज्ञान शिकवायचे," मी माझ्या सांगलीच्या इंग्रजीत म्हणाले.

"अरे वा! कुठलं?"

"सगळं."

"आमचं?"

आता काय सांगणार? म्हटलं, "सिलॅबसमध्ये नव्हतं."

ती एवढी हसली की खुर्ची कुरकुरली. "माझ्याही नव्हतं, आबेना! मी घानात शिकले, तरी माझ्याही नव्हतं!"

मग तिनं जेवायला बसवलं. दाण्याचं दाट कालवण, त्यात कोंबडी, आणि सोबत उकडीसारखा पांढरा, चिकट गोळा. त्याला फुफू म्हणतात. कालवणाची चव थेट आमच्या दाण्याच्या आमटीच्या थोरल्या बहिणीची. मी गोळ्याचा मोठा घास तोंडात घातला आणि चावत बसले. चावते आहे, चावते आहे, संपेचना. आमा गालावर हात ठेवून बघत होती. शेवटी म्हणाली, "चावायचं नसतं. गिळायचं." मी दाताच्या कवळीसकट गिळायच्या बेतात होते, थोडक्यात वाचले.

तेव्हापासून रोज दुपारी मी भिंतीपलीकडे. आमाकडून कळलं की त्यांच्यातही भांडणं आहेत, आणि अगदी आपल्यासारखीच. एक गट म्हणतो, पूर्वज जे बोलले ते सगळंच तत्त्वज्ञान. दुसरा म्हणतो, अख्खं गाव एकसुरात बोलतं त्याला तत्त्वज्ञान कसं म्हणायचं? एकट्या माणसानं शंका काढली पाहिजे, वाद घातला पाहिजे. तिसऱ्यांनी गावोगाव जाऊन जाणत्या म्हाताऱ्यांना गाठलं, उलटसुलट प्रश्न विचारले आणि दाखवून दिलं की तिथेही शंका काढणारी डोकी आहेत. आणि चौथा गट ऑफिसांच्या भिंतींवर. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, हा दक्षिण आफ्रिकेकडचा विचार आता मॅनेजमेंटवाले पोस्टरवर छापतात. हेमंतच्या कंपनीतही तसलं शिबिर झालं होतं. "छान होतं," हेमंत म्हणाला, "सगळ्यांनी हात धरून गोल केला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी ओळख दाखवली नाही."

आमाच्या लोकांत म्हणे मूल जन्मतः पुरतं माणूस नसतं, वागून वागून माणूस व्हायचं असतं. मी टाळी दिली. म्हटलं, आमच्याकडे वाह्यात पोराला "अरे, माणसात ये" म्हणतात! ती खूश झाली, पण लगेच बोट उचललं. "थांब, आबेना. मग एखाद्याला माणसात घ्यायचं की नाही, हे ठरवणार कोण? आमच्यातल्याच काहींनी यावर वाद घातलाय. ते म्हणतात, मान तर जन्मतःच मिळतो, तो कुणी द्यायचा नसतो." मी वही उघडून ते लिहून घेतलं. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

नईम

एवढ्यात घरात वेगळंच पेटलं. वैशाली इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष. वार्षिक संमेलन कुठे करायचं यावर बैठक झाली. एक बाजू म्हणाली झल्लाकला, पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलात. दुसरी म्हणाली राजधानीतच, मनामात, नईम नावाच्या जुन्या भागातल्या हॉलमध्ये. हात वर झाले, झल्लाकची बाजू सहज जिंकली, टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी दत्ताराम गुरव घरी आले आणि मंडळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली टीपॉयवर ठेवली.

"ताय, आमची कोकणातली मान्सं आपलं येगळं मंडळ काढतात. राग नाय हां."

वैशाली पांढरी पडली. दत्ताराम म्हणजे नुसता ओळखीचा ड्रायव्हर नव्हे. संगमेश्वरकडचा हा माणूस तिच्याआधीपासून इथे आहे. इरा, माझी नात, अवेळी जन्मली तेव्हा हेमंत सौदीत साइटवर होता. वैशालीला इस्पितळात नेणारा, बाहेर बसून राहणारा आणि आई नि नर्सनंतर बाळाला पहिल्यांदा हातात घेणारा दत्तूच. इरा त्याला मामा म्हणते. आता मामाचं मंडळ वेगळं, गणपती वेगळा, हळदीकुंकू वेगळं. वैशाली त्या रात्री जेवली नाही.

मी दुसऱ्या दिवशी हेमंतला म्हटलं, "मला नईमला सोड, दत्तूच्या घरी."

जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, न्हाव्याची, शिंप्याची दुकानं, कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, आणि भट्टीतून तव्याएवढ्या रोट्या काढणारा बेकरीवाला. मला अदलियापेक्षा इथेच आपल्यात आल्यासारखं वाटलं. दत्तूनं मला खुर्ची दिली, स्वतः बाजेवर बसला, आणि साफी नावाचा मासा असा तळून घातला की मी येण्याचं कारणच विसरले. आठवलं तेव्हा विचारलं, "दत्तूभाऊ, काय बिनसलं?"

"कायपण नाय ओ, आये. झल्लाक लांब पडतं. मान्सांकडं गाड्या नायत."

"एवढंच?"

"एवढंच. अजून एक तुकडी घ्या."

कोकणी माणूस मासा वाढत असताना खरं बोलत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

परत अदलिया

आमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हात वर करून ठरवलंत? मग हरलेल्यांचं काय केलंत?"

"काय करायचं? ते हरले."

"आमच्या जुन्या पद्धतीत तसं नव्हतं. वडीलधारे बसायचे आणि सगळे हो म्हणेपर्यंत बोलायचे. सरदाराशी थेट कुणी बोलत नसे. मध्ये एक बोलका माणूस, त्याच्यामार्फत. तो शब्द नीट करून पोचवायचा. आणि गाडं अडलं की वडीलधारे उठायचे, म्हणायचे, म्हातारीला विचारून येतो. बाजूला जायचे, कुजबुजायचे, परत येऊन सांगायचे, म्हातारीनं असं असं सांगितलं. म्हणजे निकाल ना याचा, ना त्याचा. कुणाची मान खाली नाही."

"केवढी हुशार म्हातारी!"

"तिथे म्हातारी नसतेच, आबेना. नुसतं नाव." आमाचा आवाज तापला. "माझा सगळा वाद यावर आहे. आमच्याकडे राजमातेला मोठा मान. पण गावातली साधी म्हातारी? तिच्या नावानं निकाल द्यायचे आणि तिला बसायला स्टूल नाही! मी हे मांडलं तेव्हा सहकारी म्हणाले, परंपरेचा अपमान. मी म्हटलं, परंपरा झकास आहे, फक्त त्या रिकाम्या जागेवर कुणाला तरी बसवा."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हातारी आहे माझ्याकडे."

शुक्रवारी दोन्हीकडची माणसं वैशालीच्या दिवाणखान्यात जमली. आमा पाहुणी म्हणून आली. मी नियम सांगितले. मतदान नाही. एकमेकांशी बोलायचं नाही, इराला सांगायचं, इरा पोचवील. सगळे हो म्हणेपर्यंत जेवण नाही.

"आजी, माय मराठी इज टेरिबल," इरा माझ्या कानात म्हणाली.

"म्हणूनच तुला बसवलं."

खजिनदार सहस्रबुद्धे, पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ते म्हणाले, "मावशी, लोकशाहीत बहुमत म्हणजे बहुमत."

"इराला सांगा."

ते इराकडे वळले. "सांग त्यांना, झल्लाकला पार्किंग आहे, मुलांना समुद्र आहे, महिनाभर धावपळ करून मी बुकिंग मिळवलं, आणि हे लोक ऐन वेळी आडवे येतात. हा निव्वळ हट्ट आहे! आडमुठेपणा आहे!"

इरानं जरा विचार केला. मग दत्तूकडे वळली. "मामा, काका म्हणतात, त्यांनी खूप काम केलं. आणि कोणी थँक्यू नाही म्हटलं."

सहस्रबुद्धे खुर्चीत मागे टेकले. "हो," ते म्हणाले, "म्हणजे... तसंच काहीसं."

दत्तूनं घसा साफ केला. "सांग त्यास्नी, बाय. झल्लाक लांब. आमच्या मान्सांकडं गाड्या नायत. शिफ्टवरनं येनार कशी?"

"काका, मामा म्हणतात झल्लाक लांब आहे." आणि मग इरानं निरोप्याचं काम सोडून दिलं. "बट मामा, व्हॅन तर तुमच्याकडेच असते. लास्ट इयर तुम्हीच सगळ्यांना नेलं. आम्हाला पण! लांब नाहीये ना?"

दत्तू जमिनीकडे बघायला लागला. एसी दुरुस्त करणारा सावंत छताकडे बघत होता, बँकवाले मोबाइलकडे. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अडलं असेल तर या म्हातारीला विचारायला! दोघंच या!"

सहस्रबुद्धे आणि दत्तू आत आले. मी रस्सा ढवळत होते, आमा ओट्याला टेकून काकडी खात होती. मी पाठ वळवूनच विचारलं, "दत्तूभाऊ, लांब नाही. मग काय आहे?"

दत्तूनं ओट्यावरची ताटली सरळ करून ठेवली.

"मागल्या वर्षी," तो म्हणाला, "झल्लाकलाच होतं. मी चार फॅमिल्या सोडल्या, व्हॅन लावली, आनि आमची मान्सं घेऊन दारात आलो. टेबलावर नावं घेत होते. मला बघितलं नि सांगितलं, ड्रायव्हर लोकांचं जेवण तिकडं मागं हाय. मग आमी तिकडं गेलो. नमनाचं सामान व्हॅनमधनं काढलंच नाय."

मागच्या वर्षी नमन का झालं नाही, हे वैशालीलाही ठाऊक नव्हतं. नमन म्हणजे कोकणातला खेळ. मृदंग, गवळणी, उंच टोपीचा संकासुर. तिला वाटलं होतं, वेळ कमी पडला.

सहस्रबुद्ध्यांनी चष्मा काढला. "टेबलावर... मी होतो."

"होय, सायेब."

"मला वाटलं, तुम्ही कंपनीच्या गाडीबरोबर... तुम्ही मंडळाचं कार्ड का नाही दाखवलंत?"

"आपल्याच मान्सांत कार्ड काय दाखवायचं?"

"मग मला तिथेच बोलायचं!"

"काय बोलायचं, सायेब? तुमी सॉरी म्हनला असता, मी खलास म्हनलो असतो. मोकळं."

आमाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिनं काकडी खाली ठेवली होती.

आता म्हातारीनं निकाल द्यायचा होता. खळ घातलेल्या साडीतली ती जुनी बाई असती तर तिनं तीन मुद्दे, एक उपसंहार आणि वाचायच्या पुस्तकांची नावं सांगितली असती. मी एवढंच म्हटलं, "झल्लाकलाच जायचं. आणि दारातल्या टेबलावर दत्तूभाऊ आणि त्यांची माणसं बसतील. आता जा, बाहेर सांगा."

सहस्रबुद्धे बाहेर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "म्हातारीनं निकाल दिलाय. पण तो सांगायच्या आधी मला काही सांगायचंय." आणि सगळ्यांसमोर, इराच्या मध्यस्थीशिवाय, त्यांनी दारातली ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली. पुण्याच्या माणसाला हे किती जड गेलं असेल, याची कल्पना पुण्याबाहेरच्यांना यायची नाही. सांगून झाल्यावर दत्तू उठला आणि म्हणाला, "सायेब, बुकिंगसाठी थँक्यू हां." इरानं ते भाषांतर न करता सोडून दिलं.

एकेक जण हो म्हणत गेला. सावंतापाशी अडलं. "मला नाय पटत," तो म्हणाला.

आमच्या पद्धतीत एका सावंताला कोण विचारतं? पण आता नियम माझेच. बसलो. भात गिजगोळा झाला, रस्सा आटला, हेमंत हळूच फरसाण खाताना पकडला गेला. आमा कानाशी लागली, "आबेना, या पद्धतीत धोकाही आहे. शेवटचा माणूस कधीकधी थकून हो म्हणतो. त्याला पटू दे, थकवू नकोस." मी सावंताला स्वयंपाकघरात बोलावलं. निघालं काय? संमेलन ज्या शुक्रवारी ठरलं होतं, त्याच संध्याकाळी त्याची ड्युटी. संकासुर तोच करायचा, आणि तो ड्युटीवर गेला की संकासुर दुसराच कुणी होणार! संमेलन शनिवारी ठेवलं. सावंत हसला, मग सगळे हसले, आणि वैशालीनं ती किल्ली दत्तूच्या खिशात घातली.

झल्लाक

पश्चिमेचा किनारा. पाणी उथळ आणि फिकट हिरवं, लाटा आपल्या कोकणासारख्या आदळत नाहीत, नुसत्या येऊन हात लावून जातात. खजुराची झाडं, मऊ ऊन, आणि लांबवर सौदीकडे जाणाऱ्या पुलाची रेघ.

दारात दत्ताराम गुरव, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर, हातावर पेढा. बँकवाले आले, इंजिनीअर आले, वर्कशॉपची पोरं आली, आणि मागे गाड्यांपाशी थांबलेले दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर होते, त्यातले दोघं केरळचे आणि एक पेशावरचा, त्यांनाही दत्तूनं हाताला धरून आत आणलं. "यल्ला, यल्ला, चला! जेवन हितंच हाय." सहस्रबुद्धे आले तेव्हा रांग होती. ते मुकाट रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली, दत्तूनं अत्तर लावलं आणि पेढा हातावर न ठेवता थेट तोंडात घातला.

उन्हं उतरली आणि मृदंग वाजला. इरानं माइक घेऊन तिच्या त्या मोडक्या मराठीत नमनाची ओळख करून दिली. चुकली, हसली, पुन्हा बोलली, आणि सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या. सावंताचा संकासुर दोरी फिरवत मुलांच्या मागे धावला. लहान मुलं किंचाळून पळाली आणि पळता पळता पहिल्यांदाच मराठीत ओरडली. गवळणींना एक गडी कमी पडला, तेव्हा दत्तूनं मृदंग दुसऱ्याकडे दिला, सरळ खुर्च्यांत घुसला आणि सहस्रबुद्ध्यांना ओढून नेलं. डोक्यावर ओढणी घेतलेला तो बँकेचा साहेब गवळण म्हणून जे काही लाजला, त्याला तोड नाही. वैशाली हसता हसता रडत होती, का रडता रडता हसत होती, मी विचारलं नाही.

"आबेना, हे काय चाललंय?" आमानं विचारलं.

मी समजावत बसले नाही. तिचा हात धरला आणि दोघी वाळूत उतरलो. तिला ठेका एका फेरीत कळला. तिच्या गावाकडेही असंच पाय टाकतात म्हणाली. मृदंगाची गती वाढली, रिंगण वाढलं, दत्तू ओरडला, "आये, जपून!" माझ्या गुडघ्यांनी सडेतोड हरकत घेतली होती. मी त्यांची संमती विचारली नाही. एवढी हुकूमशाही म्हातारीला चालते.